दारातला पावडरचा डबा

बाई मुलांना अहो म्हणायच्या. सहा वर्षांच्या पोराने चपला उलट्या घातल्या तर त्याच्यासमोर वाकून विचारायच्या, "अहो, आपले पाय आज एकमेकांशी भांडलेत का?" आणि त्याच पोराचे वडील कानाला फोन लावून दारात आले की त्यांना म्हणायच्या, "फोन संपवा, मग पोर घ्या. दोन्ही एकदम मिळणार नाही." मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं मुकाट्याने फोन बंद करायची. एकाने एकदा मान हलवून, एका मिनिटात, असं बोटाने दाखवलं, तर बाईंनी दार लोटून घेतलं आणि आतून सांगितलं, "आमचंही एक मिनिट चालू आहे."

बिबवेवाडीत एका सोसायटीत तळमजल्यावर बाईंचं तीन खोल्यांचं घर होतं. तिथेच त्यांचं पाळणाघर. शाळा सुटली की साडेबारा-एकच्या सुमाराला रिक्षाकाका पोरांना आणून सोडायचे आणि संध्याकाळी सहाला आईबाप न्यायला यायचे. चौदा मुलं होती. पंधरावं बाईंनी कधी घेतलं नाही. कोणी फारच गयावया केली तर म्हणायच्या, "माझ्या नजरेत चौदाच मावतात. पंधरावं तुमचं असेल, आणि नेमकं तेच मला दिसायचं नाही."

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं कामाला होते. पोरं मला मावशी म्हणायची. बाई मला अगं म्हणायच्या.

बाई आधी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, पोरांच्या वॉर्डात. रिटायर झाल्यावर हे सुरू केलं. लग्न केलं नव्हतं. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि पदराला पिनेने उलटं घड्याळ लटकवायच्या. घड्याळ उलटं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तुला उलटं दिसतं. मी मान खाली घालून बघते तेव्हा मला सरळच दिसतं." हात कामात असताना वेळ बघायची नर्सांची ती रीत आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मी काम मागायला गेले त्या दिवशी त्यांनी मला आधी कुठे काम केलंस, किती शिकलीस, यातलं काही विचारलं नाही. चौथी हे उत्तर मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, "झोपलेल्या पोराला उठवायचं तर कशी उठवशील?"

मी मान खाली घालून म्हटलं, "उठवणार नाही. जवळ बसून भांडी वाजवीन हळूहळू. आपलं आपण उठतं."

"उद्या ये," बाई म्हणाल्या.

त्यांच्या घरात खिडकीपाशी एक पाट होता. तो रडायचा पाट. ज्याला रडायचं असेल त्याने तिथे बसून हवं तितकं रडावं. गप्प बस म्हणायची कोणाला परवानगी नव्हती, मलाही नाही. बाई शेजारी मटार घेऊन बसायच्या आणि सोलत राहायच्या. मधूनच विचारायच्या, "झालं का आपलं?" पोर मान हलवून नाही म्हणायचं. "असू द्या. मटार अजून पुष्कळ आहेत." थोड्या वेळाने पोराचा हात आपोआप शेंगांकडे जायचा. त्या पाटावर बसून नवी पोरं पहिल्या आठवड्यात किलो किलो मटार सोलून द्यायची. मटाराचे दिवस नसले की घेवडा, नाहीतर लसूण.

शाळेतून आल्यावर साडेचारपर्यंत दप्तराला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. एका आईने विचारलं, "मग अभ्यास कधी होणार हो?" बाई म्हणाल्या, "सकाळपासून बाकावर ताठ बसलेत. आता घटकाभर उताणे पडू द्या. तुम्हीसुद्धा पडून बघा, चेहरा सुधारेल." ती बाई रागावली, पण मूल काढलं नाही. पाळणाघराबाहेर नियमांची एक पाटीच लावा असं सोसायटीचे चेअरमन म्हणाले होते. बाईंचं उत्तर, "पाटी वाचून कोणी शहाणं झालेलं मी अजून पाहिलं नाही."

पण सगळ्यात वेगळी होती ती संध्याकाळची रीत. ती कळायला मला वेळ लागला, आणि मला ती कळेपर्यंत जे झालं ते सांगायलाच मी आज ही वही उघडली आहे. कोणाला दाखवायची नाही.

बाईंच्या आधी मी दुसऱ्या एका पाळणाघरात होते. तिथे साडेपाच वाजले की आम्ही दोघी बायका पोरांना ओळीने मोरीत न्यायचो. तोंडं धुवायची, केस विंचरायचे, पावडर लावायची, शर्ट आत खोचायचा. तिथली मालकीण सांगायची, "आईबाप दमून येतात. त्यांना दारात फूल दिसलं पाहिजे." दिवसभर पोर कसंही असो, सहा वाजता फूल. मला त्यात काही चूक वाटत नव्हती. मी माझ्या मुलीलाही तसंच करायचे, तिचे वडील कामावरून यायच्या आधी.

बाईंकडे पहिल्या दिवशी साडेपाचला मी आपणहून पोरांना मोरीकडे न्यायला लागले. बाईंनी विचारलं, "कुठे मिरवणूक?"

"तोंडं धुते."

"कशाला? घरी मोरी नाही का त्यांच्या?"

मग त्यांनी मला सांगितलं. वॉर्डात एका नर्सची पाळी संपून दुसरीची सुरू होते तेव्हा पहिली नर्स नुसती निघून जात नाही. ती प्रत्येक खाटेपाशी उभी राहते आणि हा पेशंट दिवसभर कसा होता ते तोंडाने सांगते. ताप किती, खाल्लं किती, रडला का, पडला का. मग पेशंट हवाली करते. "आपली पाळी सहाला संपते," बाई म्हणाल्या. "आईची सुरू होते. पोर जसं आहे तसं द्यायचं, आणि सांगून द्यायचं. दिवस धुऊन टाकायचा नाही."

त्यामुळे आमच्याकडची पोरं सहा वाजता भूत दिसायची. गुडघे मातीचे, तोंडाला आंब्याचा रस, बोटांना शाई. आणि बाई दारात उभ्या राहून एकेकाचं सांगायच्या. "यांनी आज डब्यातली भाजी टाकून दिली, पण तीन पोळ्या खाल्ल्या. दुपारी अर्धा तास रडले, कारण सांगितलं नाही. तुम्ही विचारू नका, रात्री आपण होऊन सांगतील." घाईतले आईबापही उभे राहून ऐकायचे.

तेच सगळं बाई वहीतही लिहायच्या. प्रत्येक मुलाची एक वही, रोजच्या दोन-चार ओळी. मला म्हणायच्या, दुपारचं तू बघतेस तर तू लिही. मी लिहीत नसे. माझं अक्षर चौथीतल्या पोरीचं, तिथेच थांबलेलं. शिकलेल्या आया ती वही वाचणार आणि हसणार, या विचारानेच माझे कान तापायचे. मी ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात बाईंना सांगायचे आणि त्या लिहायच्या. दारात उभं राहून बोलणं तर माझ्याच्याने शक्यच नव्हतं. सहा वाजले की मी आत भांड्यांमध्ये जाऊन बसायचे. बाईंना ते दिसत होतं. एकदाच म्हणाल्या, "भांडी सकाळपर्यंत थांबतील. तू कधीपर्यंत थांबणार?" मी हसून वेळ मारून नेली.

मला सहा महिने झाले होते. नोव्हेंबर होता. बाईंना बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी जाऊन दाखवावं लागतं की आपण जिवंत आहोत. "तीनला जाते, पाचला येते," त्या म्हणाल्या. "वह्या टेबलावर आहेत. आज पाळी तुझी."

पाच वाजले तरी बाई आल्या नव्हत्या. बँकेत म्हातारे-म्हाताऱ्यांची ही रांग.

त्याआधीच, साडेचारला, सना पडली होती. पहिलीतली मुलगी, बारीक चणीची, फार बोलकी. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, खाली छोटं अंगण. ती तिसऱ्या पायरीवर उभी राहून पाठमोरी उडी मारायला गेली आणि मागच्या मागे फरशीवर आपटली. आवाज आला. मी धावले. ती लगेच रडली नाही. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग रडली. मी उचलून घेतली, थंड पाण्याचं फडकं लावलं. मागे टेंगूळ आलं होतं, लिंबाएवढं.

"मावशी, अम्मी आली?" तिने विचारलं.

"नाही गं, अजून वेळ आहे."

थोड्या वेळाने परत, "मावशी, अम्मी आली?" मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा, जसं काही आधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, घाबरलीय, आईची आठवण येतेय. मग ती माझ्या मांडीवर झोपली. वीस मिनिटांनी मी भांडी वाजवून तिला उठवली. उठली, चालली, पाणी प्यायली. मी मनात म्हटलं, बरी आहे.

आणि साडेपाच वाजले. बाई नाहीत. सहाला तिची आई येणार, मला दारात उभं राहून सांगावं लागणार की माझ्या पाळीत तुमची मुलगी पडली. एकटीने सांभाळायचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी हे. काम जाईल असं वाटलं. त्याहून जास्त, बोलावं लागेल असं वाटलं.

बाईंच्या घरात पावडर नव्हती. माझ्या पिशवीत एक छोटा डबा असायचा, जुन्या कामापासूनचा. मी सनाला मोरीत नेलं. तोंड धुतलं, पावडर लावली. रोज ती दोन वेण्या घालून यायची. मी त्या सोडल्या आणि मागे एकच जाड वेणी घातली, म्हणजे टेंगूळ खाली झाकलं जाईल. काजळाचा बारीक ठिपकाही लावला.

तिची आई मार्केट यार्डात एका मसाल्याच्या आडतीवर कॉम्प्युटरवर बसायची. ती आली की दारात धणे-मिरचीचा वास यायचा. त्या दिवशी आली, सनाकडे बघितलं आणि थबकली. "अरे वा! आज एक वेणी? आज किती छान दिसतेय माझी पोर!" आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थँक्यू हं मावशी."

मी हसले. तोंडाशी आलेलं तिच्या त्या 'छान'ने परत आत ढकललं. सना आईचं बोट धरून गेली. वही मी उघडलीच नव्हती.

बाई सव्वासहाला आल्या. "जिवंत असल्याचं मान्य झालं," म्हणाल्या, "पण रांगेत तीन तास उभं करून मग." सगळं ठीक ना, विचारलं. मी मान हलवली. शेवटची दोन पोरं गेली. मी केर काढत होते तेव्हा फोन वाजला. पावणेसात झाले असतील.

फोनवर सनाची आई होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन हातात तसाच धरून माझ्याकडे वळल्या. "सनाला दोनदा उलटी झालीय. डॉक्टरांकडे बसल्यात. डॉक्टर विचारतायत, आज पडली होती का?"

 खोटं सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण मान आपोआप आडवी हलली. नाही.

बाईंनी टेबलावरची सनाची वही उघडली. पान कोरं. त्यांनी ते पान बघितलं, मग मला बघितलं, मग माझ्या पिशवीतून वर आलेला पावडरचा डबा बघितला. फोनवर म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा. ठेवू नका."

त्या ओरडल्या असत्या तर मी नाहीच म्हणत राहिले असते, हे मला आजही माहीत आहे. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं, हातात पेन दिलं. "बोलता येत नाही ना? लिही."

मी लिहिलं.  ते पान माझ्याकडे आहे म्हणून इथे तसंच उतरवते.

"साडेचार वाजता सना मागच्या पायरीवरून पडली. डोकं फरशीला लागलं. लगेच रडली नाही. मग रडली. अम्मी आली का असं तीनदा विचारलं. मी सांगितलं तरी परत विचारलं. वीस मिनिटं झोपली. टेंगूळ आहे. मी तोंड धुतलं. पावडर लावली. टेंगळावर वेणी घातली. कोणाला सांगितलं नाही."

बाईंनी ते फोनवर वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा. मग बूट न सोडता तशाच उठल्या. "चल. वही घे."

 रिक्षात मी मांडीवर वही घट्ट धरून बसले होते. त्या पोरीला काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी वही हातात घेऊन वाचली. कोणी हसलं नाही. अक्षराकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "तेच तीनदा विचारलं? नक्की?"

"हो. जसं काही आधी विचारलंच नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"किती वेळाच्या अंतराने?"

"पाच पाच मिनिटं असतील."

त्यांनी लगेच मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली, डोक्याचा फोटो काढायला. मग तिच्या आईला म्हणाले, "वेळ आणि हे तीनदा विचारणं कळलं ते बरं झालं. नाहीतर मी पोटाचं औषध देऊन घरी पाठवणार होतो."

सनाची आई मुलीला छातीशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. फार हळू म्हणाली, "पावडर लावून दिलीत? माझीच मुलगी, मलाच?"

मी वही मिटली. 

सना दोन दिवस दवाखान्यात होती आणि बरी होऊन घरी गेली. तिची आई तिला परत पाठवणार नव्हती, ते सांगायची गरजही नव्हती. तिचा डबा आणि एक स्वेटर आमच्याकडे राहिला होता, तो तिचा मामा येऊन घेऊन गेला. वही मात्र त्याने नेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती निघून जायच्या तयारीने. बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "डबा कुठे आहे?"

मी पावडरचा डबा काढून दिला. त्यांनी तो नेऊन दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवला, बरोबर मध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा. "कोणी विचारलं की हा इथे का, तर तू सांगायचंस. मी नाही. आणि आजपासून सहाला दारात तू."

मला बाईंचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हाकलून द्यावं, पण असं दारात उभं करू नये. वाटेत घरी जाताना ठरवलं, उद्यापासून जायचं नाही. पण सकाळ झाली आणि गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बाईंनी त्या दिवशी डॉक्टरांसमोर किंवा सनाच्या आईसमोर, ही कामवाली आहे, हिने केलं, असं एकदाही म्हटलं नव्हतं. सनाच्या आईला त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या पाळीत झालं."

पहिल्यांदा विचारलं ते एका आजोबांनी, नातवाला न्यायला यायचे ते. "हे काय, आता ब्यूटी पार्लर काढलंत का?" मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घालून आपलं उलटं घड्याळ बघायला घेतलं. मग मी सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं, कपाटाचा कोपरा धरून. आजोबा ऐकत राहिले. म्हणाले, "अरे बापरे." नातवाच्या डोक्यावरून मागून पुढून हात फिरवला आणि गेले.

त्या महिनाभरात नऊ जणांनी विचारलं. दोघांनी मुलं काढली. मी बाईंना म्हटलं, "माझ्यामुळे गेली."

"सांगितल्यामुळे गेली," बाई म्हणाल्या. "ते बरं. न सांगितल्यामुळे राहिलेल्यांची मला जास्त भीती वाटते." आणि मटार सोलायला बसल्या. त्या दोन जागा बरेच दिवस रिकाम्या होत्या. बाईंनी त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. फक्त त्या दिवसांत दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली आणि चुरमुरे सुरू झाले, तेव्हा मी काय ते समजले.

मी वही लिहायला लागले. आधी दोन ओळी, मग चार. बाई वाचायच्या, सुधारायच्या नाहीत. एकदा मी लिहिलं, "आज सगळं छान." त्यांनी पेनाने त्याखाली विचारलं होतं, "म्हणजे काय काय?"

बाई आता नाहीत. सोसायटी पाडून नवी बांधायला घेतली तेव्हा पाळणाघर बंद झालं आणि त्या कात्रजला भाचीकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी दवाखान्यात होत्या शेवटचे काही दिवस. मी बघायला गेले तेव्हा नेमकी नर्सांची पाळी बदलत होती. एक लहानशी पोरगी खाटेपाशी उभी राहून दुसरीला सांगत होती, रात्री झोप नाही, सकाळी दोन चमचे पेज, नंतर नको म्हणाल्या. बाईंचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपल्यात. ती पोरगी गेल्यावर डोळे न उघडता म्हणाल्या, "तीन चमचे. पण पोरगी नीट सांगते." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी हल्ली एका नव्या पाळणाघरात जाते. तिथे भिंतीवर कॅमेरे आहेत आणि आईबापांच्या फोनवर दिवसभर फोटो जातात. साडेपाचला ओल्या कागदांनी तोंडं पुसतात. मी पुसत नाही. तिथल्या मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत. म्हणतात, "मावशी, पालकांना सगळं दिसतंच की." मी म्हणते, "दिसतं. मी सांगते फक्त." आणि दारात उभी राहते. आता कपाट धरावं लागत नाही.

पण मला सांगायचं होतं ते सनाच्या आईचं.

दीड वर्ष होऊन गेलं होतं. जूनचा महिना, शाळा नुकत्या उघडलेल्या. दुपारी कोणी तरी बेल वाजवली. दार उघडलं तर धणे-मिरचीचा वास. बरोबर चार वर्षांचा मुलगा, सनाचा भाऊ. मी जागेवरच थिजले. ती आत आली नाही. कपाटावर तो डबा होता, तिथे तिची नजर गेली.

"तोच?" तिने विचारलं.

"हो."

"इथे का ठेवलाय?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झाला होता की उत्तर पाठ होतं. पण तिला काय सांगणार? ती गोष्ट तिचीच होती. तरी सांगितली. पहिल्यापासून, पायरीपासून, तिच्या डोळ्यांत बघून. कोणाला सांगितलं नाही, इथपर्यंत. ती शेवटपर्यंत ऐकत होती. आतून बाई आल्या होत्या, पण मागेच थांबल्या.

"सना कशी आहे?" मी विचारलं.

"तिसरीत गेली. झाडावर चढते." जराशी हसली, मग हसू आवरलं. "सासूबाई सांभाळायच्या दोघांना. आता त्यांचे गुडघे गेले. सना मोठी आहे, राहते त्यांच्यापाशी. याच्यामागे त्यांना पळवत नाही. दोन ठिकाणी जाऊन बघितलं याच्यासाठी. मुद्दाम सहा वाजता गेले. दोन्हीकडे सगळी पोरं फार स्वच्छ होती."

बाई मागून म्हणाल्या, "एक जागा आहे."

"मावशी असतात ना अजून दारात?" तिने त्यांना विचारलं. माझ्यासमोरच, जशी मी तिथे नव्हते.

"असते. पण तिचं तिलाच विचारा," बाई म्हणाल्या.

तिने मला विचारलं नाही. मुलाचं बोट सोडवून माझ्या हातात दिलं. मग कपाटाकडे बोट करून म्हणाली, "हे आता काढून टाका तिथून. झालं ते झालं."

मी डब्याकडे बघितलं. दीड वर्ष मला तो रोज दिसत होता. काढायला एक हात पुरला असता.

"असू द्या," मी म्हटलं.

त्या दिवशी तो पोरगा रडायच्या पाटावर दोन तास बसला. बाईंनी त्याला विचारलं, "झालं का आपलं?" तर त्याने त्यांच्या हातातली घेवड्याची शेंग घेऊन खिडकीबाहेर टाकली. मग त्याला मागच्या अंगणात पावसाचं पाणी साचलेलं दिसलं आणि तो रडायचा थांबला. मी तिन्ही पायऱ्या त्याचा हात धरून उतरवल्या.

सहा वाजता त्याची आई आली.  मी दारात उभी राहिले आणि सांगितलं. "दोन तास रडला. डबा अर्धा खाल्ला, अंडं ठेवलं. दुपारी झोपला नाही. पाण्यात खेळला. उजवा गुडघा खरचटलाय, पावणेपाचला, हळद लावलीय. डोक्याला कुठे लागलेलं नाही. मी सगळीकडून हात फिरवून बघितलंय."

ती ऐकत होती. मग तिने खाली बघितलं. पोरगा केसांपासून पायांपर्यंत चिखलाने माखला होता, नाकातून शेंबूड वाहत होता, एका हातात घेवड्याची शेंग होती. ती खाली बसली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिने इकडून तिकडून नीट बघितलं, वेळ घेऊन.

"अरे देवा," ती म्हणाली, "किती घाण झालायस!"

आणि त्याला तसाच उचलून छातीशी धरला, आपल्या ऑफिसच्या कपड्यांवरच.